ठसे मोजता येतात, नाणी नाहीत

रोमन काळात आशिया मायनरमधली अनेक शहरं स्वतःची काशाची नाणी पाडत. ऐरणीतल्या ठशावर बहुधा सम्राटाचा चेहरा, वरच्या ठशावर गावची देवता. हातोड्याचा घाव थेट वरच्या ठशावर बसे, म्हणून तो आधी निकामी होई. केसांची बट, अक्षरांमधलं अंतर, ठशाला गेलेली चीर तंतोतंत जुळली की दोन नाणी एकाच ठशाची. समजा, 60 पैकी 12 नाण्यांचे ठसे एकेकदाच दिसले. तर मूळ उत्पादनातला साधारण 80 टक्के भाग ज्ञात ठशांचा, असा अंदाज निघतो. नमुना एकाच हंड्यातला असेल तर तो फसवा, हा आक्षेप रास्तच. म्हणून सुटी सापडलेली नाणी वेगळी मोजावीत.

पण ‘ठशामागे इतकी हजार नाणी’ असा गुणाकार सुरू झाला की पाय घसरतो. एकच सम्राटमुखी ठसा अनेक शहरांनी वापरल्याचं नाणेअभ्यासक कोनराड क्राफ्ट यांच्या 1972 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवलं. तो कोणाच्या खात्यावर मांडणार? शिवाय लहान गावाची गरज ठसा झिजण्याआधीच भागत असेल. मग हा खटाटोप कशाला? एकाच शहराच्या दोन राजवटींतले देवतेचे ठसे ताडून पाहायला. तिथे चढउतार निदान दिसतो.