भारत सरकला की ध्रुव? दख्खनच्या कातळाची साक्ष

महाबळेश्वरच्या घाटात दिसतो तो काळा कातळ म्हणजे साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. आज आपण पाहणार आहोत, तो थंड होताना त्यात काय नोंदलं गेलं.

या बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइटसारख्या लोहखनिजाचे बारीक कण असतात. मॅग्नेटाइट सुमारे ५८० अंश सेल्सिअसच्या वर कायमचं चुंबकत्व धरून ठेवत नाही. त्याखाली निवायला लागलं, की पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची त्या वेळची दिशा त्यात पक्की होते. वीज पडली, दगड पुन्हा तापला, की वर दुसरं चुंबकत्व चढतं. म्हणून प्रयोगशाळेत नमुना टप्प्याटप्प्यानं तापवून ते आधी काढून टाकतात. काम कंटाळवाणं खरं, पण त्याशिवाय पुढच्या आकड्यांना काही किंमत नाही.

आता मधोमध मोकळी टांगलेली चुंबकसूची डोळ्यांसमोर आणा. विषुववृत्तावर ती आडवी राहील, ध्रुवावर उभी. मधल्या जागी तिच्या कलाचा टॅन हा अक्षांशाच्या टॅनच्या दुप्पट असतो. (एका वेळचं क्षेत्र थोडं इकडेतिकडे असतं, म्हणून लाव्ह्याच्या पुष्कळ थरांची सरासरी घ्यायची.) या हिशेबानं १८ अंश उत्तरेला उत्तर टोक ३३ अंश खाली झुकायला हवं. पण घाटातल्या वरच्या थरांमध्ये ते चक्क वर आहे, ४५ अंशांच्या आसपास! गणित करा: टॅन ४५ म्हणजे १, त्याचा निम्मा ०.५, म्हणजे अक्षांश जवळजवळ २७, आणि तोही दक्षिण. त्याखालच्या जाड थरांत दिशा बरोबर उलटी, कारण तेव्हा पृथ्वीचं क्षेत्रच उलटं होतं. अक्षांश मात्र साधारण तोच निघतो.

क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी १९५६ साली भारतातल्या दगडांची अशी मापनं प्रसिद्ध केली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही पुढे हे काम झालं.

पण इथे कुणीही विचारेल, आणि विचारायलाच हवं: जमीन जागेवर असेल आणि ध्रुवच सरकला असेल तर? एकट्या दख्खनच्या कातळाकडे याचं उत्तर नाही. त्याच्यावरून काढलेला ध्रुव आजच्या नकाशात ३७ अंश उत्तरेच्या आसपास पडतो. ध्रुव खरोखर तिथे असता, तर त्याच काळातल्या युरोप-अमेरिकेच्या दगडांनीही तीच जागा दाखवली असती. ते दाखवतात आजच्या ध्रुवाच्या बऱ्याच जवळची जागा. दोन्ही खरं ठरायचं, तर भारतालाच सरकावं लागतं: सुमारे ५,००० किलोमीटर उत्तरेकडे, आणि वर थोडं डावीकडे वळूनही.

रेखांश मात्र या पद्धतीतून मिळत नाही. ध्रुवाभोवती एकाच अक्षांशावर कुठेही उभे राहा, कल तोच. त्यामुळे भारत पूर्व-पश्चिम नेमका कुठे होता, हे या कातळाला विचारून उपयोग नाही. त्यासाठी हिंदी महासागराच्या तळावरचे चुंबकीय पट्टे मोजावे लागतात.