डेक प्लॅन वाचणारी माणसं

अलास्काच्या क्रूझचं ठरलं, की माझी मावशी सगळ्यात आधी जहाजाचा डेक प्लॅन छापून घेते. जाहिरातीत तलाव असतात, रंगमंच असतो, झुंबरांखाली मांडलेली टेबलं असतात. त्यांच्याकडे ती ढुंकूनही बघत नाही. सिएटलजवळच्या बेलव्ह्यूमधल्या तिच्या घरी जेवणाच्या टेबलावर एकेका मजल्याचे कागद पसरलेले असतात. काका पेन्सिलने एखाद्या खोलीभोवती गोल करतात आणि मग तिच्या बरोबर डोक्यावर काय आहे आणि बरोबर पायाखाली काय आहे, ते वरच्या-खालच्या कागदांवर शोधतात.

"वर पूल आला तर भल्या पहाटे खुर्च्या ओढायचा आवाज. खाली थिएटर आलं तर मध्यरात्रीपर्यंत ड्रम. खोलीच्या वरही खोल्या हव्यात आणि खालीही खोल्या हव्यात," काका मला समजावत होते. ज्या ठिकाणी नुसता पांढरा चौकोन असेल आणि काहीच लिहिलेलं नसेल, तिथे त्यांना जास्त संशय. तिथे बहुधा स्वयंपाकघर नाहीतर सामानाच्या गाड्या फिरवायची जागा असते आणि रात्रभर खडखडाट चालतो.

सिएटलच्या आसपास राहणाऱ्या मराठी मंडळींकडे उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा येतात आणि अलास्काची क्रूझ जवळजवळ ठरलेली असते. पासष्टी-सत्तरी ओलांडलेल्या माणसांना रोज बॅग न भरता, रोज हॉटेल न बदलता हिमनद्या बघता येतात, हे त्यामागचं खरं कारण. मावशी-काकांनी हे इतक्या जणांसाठी जमवून दिलं आहे, की मे महिना लागला की त्यांचा फोन सतत वाजत असतो. माझ्या आईला घेऊन मी त्यांच्याबरोबर निघाले, तेव्हा माझ्या एक गोष्ट लक्षात आली. नवा माणूस विचारतो, जहाजावर काय काय मिळतं? मुरलेला माणूस विचारतो, कुठे बसायचं आणि कधी उठायचं?

खोलीची जागा हा त्यातला पहिला भाग. लाटांवर जहाज पुढून-मागून वरखाली होतं, तेव्हा सगळ्यात जास्त हलतात ती दोन टोकं. डावी-उजवीकडे डोलतं, तेव्हा जास्त झोका बसतो वरच्या मजल्यांना. म्हणून ज्याला गाडी लागते, त्याने मधली आणि खालची खोली घ्यावी. वरच्या मजल्यावरची, नाळेकडची खोली महाग असते म्हणून ती चांगली, असं समजू नये. अगदी खालची पुढची खोलीही नको. पहाटे बंदराला लागताना जहाज बाजूला सरकवणारे पंखे तिथेच घरघरतात आणि नांगराची साखळीही तिथूनच सुटते. कंपनीच स्वतःच्या मर्जीने खोली देणार, त्या बदल्यात तिकीट स्वस्त, अशी एक सोय असते. ठणठणीत तब्येतीच्या तरुणांनी ती खुशाल घ्यावी. आई-वडिलांना घेऊन जाणाऱ्याने घेऊ नये.

बाल्कनी हवी की नको, यावर मात्र आमच्या घरात एकमत नाही. मावशीच्या मते अलास्काला बाल्कनी हवीच, कारण देवमासा दिसला तर अंगावर शाल घेऊन दोन पावलांत बाहेर येता येतं. काका आतली, बिनखिडकीची खोली घेणारे. जूनमध्ये अलास्कातल्या जुनोला पहाटे चारच्या सुमाराला उजाडतं आणि रात्री दहानंतरही संधिप्रकाश असतो. गडद अंधाराची खोली असली तर झोप तरी होते. खोलीतल्या टीव्हीवर जहाजाच्या पुढच्या कॅमेऱ्याचं चॅनेल असतं, ते आवाज बंद करून चालू ठेवायचं, की सकाळी उठल्या उठल्या बाहेर धुकं आहे की ऊन, ते कळतं. वाचलेल्या पैशांत प्रत्येकाला आपापली दुर्बीण. हा त्यांचा हट्ट मला पूर्ण पटला. चौघांत एक दुर्बीण असली, की ती हातात येईपर्यंत अस्वल झाडीत गेलेलं असतं. दुर्बीण सात किंवा आठ पटींची पुरे. त्याहून मोठी घेतली तर जहाजाच्या थरथरीत काहीच स्थिर दिसत नाही.

दुसरा निर्णय निघायच्या बंदराचा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. सिएटलहून निघालेलं जहाज बहुतेक वेळा व्हँकुव्हर बेटाच्या बाहेरच्या अंगाने, उघड्या पॅसिफिकमधून उत्तरेला जातं. कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरातून निघालेलं जहाज बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधल्या चिंचोळ्या पाण्यातून, इनसाइड पॅसेजमधून जातं. दोन्ही बाजूंना डोंगर, पाणी शांत. घरापासून अर्ध्या तासावरचं सिएटल सोडून मावशी सगळ्यांना गाडीने तीन तास व्हँकुव्हरला नेते, ते यासाठी.

सिएटलहून जाणाऱ्यांना आणखी एक गोष्ट माहीत हवी. अमेरिकेच्या 1886 सालच्या एका कायद्यानुसार परदेशी झेंड्याच्या जहाजाला अमेरिकेतूनच निघून तिथेच परतायचं असेल, तर वाटेत एखाद्या परदेशी बंदराला लागावंच लागतं. बहुतेक क्रूझ जहाजांवर झेंडा असतो बहामाज, पनामा, बर्म्युडा अशा ठिकाणांचा. त्यामुळे सिएटलची जहाजं बहुधा परतीच्या संध्याकाळी काही तासांपुरती कॅनडाच्या व्हिक्टोरियाला थांबतात. म्हणजे भारतीय पासपोर्टवर आलेल्या आई-बाबांना कॅनडाचा व्हिसा लागतो आणि अमेरिकेचा व्हिसा पुन्हा प्रवेश देणारा असावा लागतो. "आम्ही व्हिक्टोरियाला उतरणारच नाही," असं म्हणून चालत नाही. बंदरावर कागदपत्रांपायी एखाद्या आजींना मागे राहावं लागतं, तेव्हा बघवत नाही.

निघण्याच्या आदल्या दिवशीच त्या गावात मुक्कामाला पोहोचायचं, हा नियम मावशी कोणासाठीही मोडत नाही. विमान चुकलं तर जहाज थांबत नाही. दुसऱ्या दिवशी धक्क्यावर मोठ्या बॅगा हमालांच्या ताब्यात जातात आणि खोलीच्या दाराशी येतात त्या संध्याकाळी, कधी रात्री. म्हणून हातातल्या पिशवीत औषधं, पासपोर्ट, चष्मा आणि एक स्वेटर. जहाजावर चढल्या चढल्या सगळी गर्दी बुफेकडे धावते. बऱ्याच जहाजांवर त्या दुपारी मुख्य जेवणघरही उघडं असतं. आम्ही तिथे गेलो. आईला खिडकीजवळ बसायला मिळालं आणि वाढपी शांतपणे बोलायला मोकळा होता.

त्याच दुपारी आणीबाणीचा सराव असतो. 13 जानेवारी 2012 ला इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आदळून 32 माणसं गेली. त्याच दिवशी चढलेल्या बऱ्याच प्रवाशांचा सराव तोवर झालेला नव्हता. त्यानंतर नियम बदलले आणि आता जहाज सुटण्याआधी किंवा सुटता सुटताच सराव व्हावा लागतो. आता बहुतेक ठिकाणी फोनवर चित्रफीत बघून आपल्या जागेवर हजेरी लावली की झालं. काका तेवढ्यावर थांबत नाहीत. खोलीपासून त्या जागेपर्यंत ते लिफ्ट न वापरता जिन्याने सगळ्यांना एकदा चालवतात. आईचे गुडघे दुखतात, तरी तिलाही नेलं. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा आणीबाणीचा इशारा तिच्याकडून त्यांनी म्हणून घेतला.

जेवणाची काळजी शाकाहारी घरांना फार असते, आणि तिथे पहिल्या संध्याकाळचा पाव तास कामी येतो. जेवणघराच्या प्रमुखाला गाठून सांगायचं: मांस नको, मासे नकोत, अंडं चालतं की नाही. मग रोज रात्री दुसऱ्या दिवशीचं मेन्यूकार्ड आपल्याला दाखवतात आणि आपण आधीच सांगून ठेवायचं. आमचा प्रमुख मडगावचा निघाला. आईने वरण-भाताबद्दल चाचरत विचारलं, तर त्याने कोकणीत उत्तर दिलं आणि दुसऱ्या रात्री जिऱ्याची फोडणी दिलेली डाळ पुढ्यात आली. गोव्याची माणसं या जहाजांवर वर्षानुवर्षं आहेत, त्यामुळे अशी भेट नवलाची नाही. चहाचं मात्र सांभाळावं. खोलीत स्वतःची किटली चालत नाही, आगीच्या भीतीने ती चढतानाच काढून घेतात. मावशी चहाची पूड आणि थर्मास नेते, गरम पाणी बुफेवर भरून घेते. बंद पाकिटातला चिवडाही बरोबर असतो. बुफेवरचं फळ मात्र पर्समध्ये टाकून बंदरावर उतरू नये, त्याला मनाई असते.

आणि हात साबण-पाण्याने धुवावेत. जहाजावर पोट बिघडवणारा नोरोव्हायरस सॅनिटायझरला पुरता दाद देत नाही. भारतातून आलेल्यांचा प्रवास-विमा जहाजावर आणि तिथून हेलिकॉप्टरने हलवावं लागलं तर लागू होतो का, ते घरी असतानाच विचारून घ्यावं. जहाजावरच्या डॉक्टरचं बिल डॉलरमध्ये असतं आणि जागेवरच भरावं लागतं.

आता ग्लेशियर बे. हे संरक्षित राष्ट्रीय उद्यान आहे आणि दिवसाला जास्तीत जास्त दोन मोठी क्रूझ जहाजं आत सोडतात. म्हणून तिकीट काढताना जहाजाच्या मार्गात हे नाव आहे का, ते आधी बघावं. सगळ्या जहाजांना ते मिळत नाही. सकाळी बार्टलेट कोव्हजवळ एक छोटी होडी आमच्या चालत्या जहाजाला येऊन भिडली आणि पाठीवर पिशव्या लावलेले उद्यानाचे रेंजर शिडीने वर चढले. दिवसभर ध्वनिक्षेपकावरून तेच सांगत होते. 1794 मध्ये कॅप्टन व्हँकुव्हरच्या माणसांना इथे खाडीच्या तोंडाशीच बर्फाची भिंत दिसली होती. 1879 मध्ये निसर्गअभ्यासक जॉन म्युर आला, तोवर बर्फ 30 मैलांहून जास्त मागे सरकलेला होता. आज ही खाडी सुमारे शंभर किलोमीटर आत जाते.

मार्जरी हिमनदीसमोर पोहोचायच्या बरंच आधी लोकांनी कठड्याच्या जागा अडवल्या होत्या. मावशीने आम्हाला जेवायला बसवलं. "जहाज तिथे तासभर थांबतं आणि हळूहळू स्वतःभोवती फिरतं. डाव्या बाजूच्यांनाही दिसतं, उजव्या बाजूच्यांनाही. भरल्या पोटी जा." गर्दी सगळी वरच्या मजल्यावर होती. आम्ही खालच्या, जहाजाला वळसा घालणाऱ्या डेकवर गेलो. तिथे वारा कमी होता, पाणी जवळ होतं आणि आईला टेकायला लाकडी बाकही मिळालं.

समोर साधारण मैलभर रुंद, पाण्यापासून अडीचशे फुटांपर्यंत उंच निळसर भिंत. दाबून घट्ट झालेला बर्फ प्रकाशातला तांबडा भाग शोषून घेतो, म्हणून तो निळा दिसतो. आकाश ढगाळ होतं आणि काकांना त्याचाच आनंद होता, कारण ढगाळ दिवशी तो निळा रंग जास्त गडद दिसतो. आईने विचारलं, शेजारचा तो काळा मातकट डोंगर कसला? तीही हिमनदीच, ग्रँड पॅसिफिक. दगडमातीने पुरती झाकलेली. एके काळी ही सगळी खाडी भरून राहिलेला बर्फ तिचाच होता, आणि आज निम्म्याहून जास्त प्रवासी तिच्याकडे पाठ करून उभे असतात.

बर्फाचा कडा कोसळताना आधी दिसतो, गडगडाट मागाहून पोहोचतो. आवाज ऐकून मान वळवणाऱ्याला नुसतं उसळलेलं पाणी दिसतं. काकांनी सांगितलं, एकच जागा धरून ठेव, जिथून मुठीएवढे तुकडे सारखे गळताहेत ती. आईने उजवीकडची एक उभी भेग धरली. बराच वेळ चुरा गळत राहिला. मग भेगेच्या बाहेरचा अख्खा खांब आवाज न करता खाली घसरला, पाण्यात अर्धा बुडाला, आणि त्यानंतर तो गडगडाट आला. आईने माझं मनगट घट्ट धरलं होतं. फोटो कोणीच काढला नाही.

बंदरांबद्दल अनुभवी माणसं फार बोलत नाहीत, वेळेबद्दल बोलतात. धक्क्यालगतचा रस्ता दागिन्यांच्या दुकानांनी भरलेला असतो; तो ओलांडून पुढे गेलं की गाव लागतं. केचिकनला वर्षाला साडेतीन हजार मिलीमीटरहून जास्त पाऊस पडतो, तिथे छत्री वाऱ्याने उलटते, टोपीचं जाकीट हवं. स्कॅगवेहून 1900 मध्ये पूर्ण झालेली व्हाइट पास रेल्वे घाट चढून जाते. माथ्यावर सगळ्यांना बाजू बदलून बसवतात, त्यामुळे डाव्या-उजव्या बाकासाठी भांडू नये. स्वतःची स्वतः सहल ठरवली तर स्वस्त पडते, पण उशीर झाला तर जहाज निघून जातं. जहाजाकडून घेतलेल्या सहलीला उशीर झाला तर ते थांबतं किंवा पुढे पोहोचवायची जबाबदारी घेतं. अलास्काचं घड्याळ सिएटलच्या एक तास मागे असतं आणि फोन कधी कुठली वेळ दाखवेल याचा भरवसा नसतो. म्हणून काकांच्या मनगटावर काट्यांचं साधं घड्याळ असतं, जहाजाच्या वेळेला लावलेलं. समुद्रावर फोन विमान मोडवर टाकावा, नाहीतर जहाजाच्या उपग्रहाच्या जोडणीचं मोठं बिल येतं.

शेवटच्या रात्री बॅगा दाराबाहेर ठेवायच्या असतात आणि त्या थेट धक्क्यावर मिळतात. सकाळी घालायचे कपडे आणि चपला वगळून बाकीचं भरावं.

माणशी दिवसाला साधारण 15 ते 20 डॉलर सेवाशुल्क आपोआप बिलात लागतं. काही प्रवासी शेवटच्या दिवशी रांग लावून ते काढून टाकायला सांगतात. मला हे अजिबात पटत नाही. खोली आवरणारा, ताटं उचलणारा माणूस सहा-सहा, आठ-आठ महिने साप्ताहिक सुट्टीशिवाय राबतो आणि त्याच्या कमाईत या पैशांचा मोठा वाटा असतो. मावशी सेवाशुल्काला हात लावत नाही, वर पाकिटात वेगळं ठेवते. आणि पहिल्या दिवसापासून एका छोट्या वहीत ज्यांनी ज्यांनी आमचं केलं, त्यांची नावं लिहीत जाते, छातीवरच्या बिल्ल्यावरचं स्पेलिंग बघून. घरी पोहोचल्यावर कंपनीचा अभिप्रायाचा ईमेल येतो. त्यात नाव घेऊन लिहिलेलं कौतुक त्या माणसाच्या वरिष्ठांपर्यंत जातं आणि पुढच्या करारात, बढतीत उपयोगी पडतं. "सगळे छान होते" असं लिहिलं तर कोणालाच काही मिळत नाही. मडगावच्या प्रमुखाचं नाव आईने स्वतः टाइप केलं, आणि डाळीबद्दल सविस्तर लिहिलं.