गेम विंडोजवर मस्त चालतो, पण लिनक्सवर गंडतो. घोळ फाइलच्या नावात असतो

समजा, एका छोट्या टीमनं दोन वर्षं खपून गेम बनवला. विंडोजवर सगळं झकास. मग तोच गेम लिनक्ससाठी काढला आणि पहिल्याच दिवशी तक्रारी सुरू झाल्या. हिरो दिसत नाही, आवाज येत नाही. कोड तोच, चित्रंही तीच. मग बिघडलं कुठं?

बऱ्याचदा उत्तर फाइलच्या नावात सापडतं.

पहिला घोळ कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांचा. चित्राच्या फाइलचं नाव इंग्रजीत ‘हिरो’ आहे आणि त्यातला एच कॅपिटल आहे. कोडमध्ये मात्र तो स्मॉल लिहिलाय. विंडोज तिकडं कानाडोळा करतं आणि फाइल उघडून देतं. मॅकही नेहमीच्या सेटिंगमध्ये तसाच वागतो. लिनक्ससाठी मात्र या दोन वेगळ्या फाइल्स. म्हणजे चूक पहिल्या दिवसापासून असते, फक्त विंडोजवर ती झाकलेली राहते.

याचं जुनं उदाहरण म्हणजे डूम. १९९३ मध्ये हा गेम डॉसवर आला. तेव्हा फाइलच्या नावाला आठ आणि एक्स्टेन्शनला तीन अक्षरं, एवढीच मुभा होती. डूमचे नकाशे, चित्रं, आवाज असा सगळा ऐवज ‘वॅड’ एक्स्टेन्शनच्या एका मोठ्या फाइलमध्ये भरलेला असायचा. १९९७ मध्ये लिनक्सवर चालणाऱ्या डूमचा सोर्स कोड खुला झाला. त्यात या फाइलचं नाव स्मॉल अक्षरांत लिहिलेलं होतं. तुमच्याकडं तीच फाइल कॅपिटल नावानं असेल, तर समोर असूनही गेमला ती सापडणार नाही.

दुसरा घोळ उलट्या बाजूनं येतो. लिनक्सवर चालणारी काही नावं विंडोजला चालत नाहीत. प्रश्नचिन्ह, कोलन, स्टार, अवतरण चिन्ह यांना तिथं बंदी आहे. शिवाय कॉन, ऑक्स, नल, प्रिन्टरसाठीचं पीआरएन ही नावं डॉसच्या काळापासून राखीव आहेत. पुढं एक्स्टेन्शन लावलं तरी ती टाळा, असं मायक्रोसॉफ्ट सांगतं. साउंडवाल्यानं सहज ‘ऑक्स’ नावाची फाइल बनवली, तर विंडोजवाल्यांची पंचाईत होऊ शकते.

आता तुम्ही म्हणाल, एवढं सांभाळलं की झालं. पण सेव्ह फाइलला खेळाडूचंच नाव दिलं तर? लिनक्सच्या नेहमीच्या फाइल सिस्टिममध्ये नावाची मर्यादा २५५ बाइट्सची असते. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट्स घेतं आणि काना, मात्रा, वेलांटीही वेगळी मोजली जाते. म्हणजे ८५ चिन्हांत कोटा संपला.

त्यात ‘दुसऱ्या’मधला ऱ दोन प्रकारे साठवता येतो. एक तर सलग एकच चिन्ह, नाहीतर र आणि खालचा नुक्ता वेगवेगळा. मॅकची जुनी एचएफएस प्लस ही फाइल सिस्टिम नावातली अशी अक्षरं सुटी करून ठेवायची. स्क्रीनवर दोन्ही नावं सारखीच दिसतात, लिनक्सला मात्र ती वेगळी वाटतात. म्हणून फाइलला ‘सेव्ह ०१’ असं साधं इंग्रजी नाव द्यायचं आणि खेळाडूचं नाव फाइलच्या आत लिहायचं, हा सुरक्षित मार्ग.

राहिलं एक्स्टेन्शन. ते म्हणजे फक्त पाटी, आतला माल नव्हे. १९९९ च्या क्वेक थ्रीच्या फाइल्सचं एक्स्टेन्शन ‘पीके३’ होतं, पण आत साधी झिप फाइल होती. ‘एसएव्ही’ हे एक्स्टेन्शन अनेक गेम सेव्हसाठी वापरतात, पण एसपीएसएस या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरच्या फाइल्सनाही तेच असतं. त्यामुळं शक्यतो वेगळं एक्स्टेन्शन निवडावं आणि फाइलच्या सुरुवातीला ओळखीची खूणही ठेवावी. डूमच्या वॅड फाइलची पहिली चार अक्षरं अशीच ठरलेली होती. फाइलचं नाव कुणी बदललं तरी गेमला ती ओळखता येते.

थोडक्यात नियम असा: इंग्रजी स्मॉल अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर, बाकी काही नाही. चाचणी पहिल्या आठवड्यापासून लिनक्सवरही घ्यायची. कारण गेम बाजारात गेल्यावर सेव्ह फाइलचं नाव बदललं आणि जुनं नाव शोधायची सोय ठेवली नाही, तर खेळाडूची शंभर तासांची मेहनत डिस्कवर असूनही गेमला दिसणार नाही.