ताडोबा: गेटाच्या अलीकडे

ताडोब्याला जायचं ठरलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: कोणत्या गेटातून वाघ हमखास दिसतो? टूरवाले, ओळखीचे फोटोग्राफर, मागच्या उन्हाळ्यात जाऊन आलेले नातलग, सगळ्यांकडे उत्तर तयार असतं. कुणी मोहर्ली सांगतं, कुणी कोलारा, कुणी नवेगाव. प्रत्येकाचं उत्तर त्याच्यापुरतं खरंही असतं, पण ते टिकत नाही. वाघ दिसण्याची खात्री बहुतेक वेळा एखाद्या पिल्लंवाल्या वाघिणीवर अवलंबून असते. पिल्लं साधारण दोन वर्षं आईसोबत राहतात. तेवढा काळ ती एखादा पाणवठा धरून असते आणि त्या पाणवठ्याच्या जवळचं गेट 'चालतं'. पिल्लं पांगली की चित्र बदलतं.

माया या वाघिणीचंच पाहा. पांढरपवनीच्या परिसरातल्या या वाघिणीने ताडोब्याला देशभर ओळख मिळवून दिली. तिच्यासाठी लोक परदेशांतूनही येत. २०२३च्या पावसाळ्यानंतर ती दिसेनाशी झाली. नोव्हेंबरात जंगलात एका वाघाचे अवशेष सापडले आणि डीएनए तपासणीत ते मायाचेच असल्याचं स्पष्ट झालं. याच वाघिणीच्या हल्ल्यात २० नोव्हेंबर २०२१ रोजी एका महिला वनरक्षकाचा जीव गेला होता. व्याघ्रगणनेच्या कामासाठी त्या पहाटे सहकाऱ्यांसह जंगलात पायी निघाल्या होत्या. पर्यटक जिप्सीत बसून जी वाट पाहतो, त्याच वाटेवर कुणीतरी नोकरी म्हणून पायी चालत असतं. सहलीची आखणी इथून सुरू व्हायला हवी.

चंद्रपूर जिल्ह्यातला ताडोबा-अंधारी व्याघ्रप्रकल्प सुमारे १,७२७ चौरस किलोमीटरचा आहे. त्यात साधारण ६२५ चौरस किलोमीटर गाभा, म्हणजे कोअर, आणि भोवती ११०० चौरस किलोमीटरचं बफर. ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ सालचं, महाराष्ट्रातलं पहिलं. अंधारी अभयारण्य १९८६ मध्ये झालं आणि पुढे १९९५ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्रप्रकल्प झाला. कोअरची मोहर्ली, खुटवंडा, कोलारा, नवेगाव, पांगडी आणि झरी ही सहा गेटं जंगलाच्या वेगवेगळ्या बाजूंना आहेत. चंद्रपूरहून येणाऱ्याला मोहर्ली जवळ पडतं, तर नागपूरहून उमरेड-भिवापूर-चिमूरमार्गे येणाऱ्याला कोलारा. एका गेटावरून दुसऱ्या गेटावर बाहेरून जायचं तर जंगलाला वळसा पडतो. म्हणून सकाळची फेरी मोहर्लीची आणि दुपारची कोलाऱ्याची असं आरक्षण केलं, तर माणसं जंगलापेक्षा रस्त्यावरच जास्त वेळ असतात. एक बाजू धरावी, तिथेच मुक्काम करावा आणि तीन-चार फेऱ्या त्याच बाजूने कराव्यात. पहिल्या फेरीत फक्त रस्ते दिसतात. तिसऱ्या फेरीपर्यंत नाले, तळी, वळणं ओळखीची होतात आणि चितळाचा कळप कुठे नाही आणि का नाही, असे प्रश्न सुचू लागतात. वाघ शोधण्याची सुरुवात या प्रश्नांपासून होते.

गेटाचं नाव हे मुळात गावाचं नाव आहे. गाईड, जिप्सीचे चालक, होमस्टेत स्वयंपाक करणारी माणसं त्या पंचक्रोशीतली असतात. ताडोबात महिला गाईडही आहेत, आणि सरपणासाठी ज्या रानात लहानपणापासून जाणं झालं तिथल्या खुणा त्यांना वेगळ्या शिकाव्या लागत नाहीत. अशा गाईडशेजारी बसून फक्त 'वाघ कुठे?' विचारत राहणं म्हणजे चार तास फुकट घालवणं आहे. ऐनाच्या सालीवरच्या मगरीच्या पाठीसारख्या भेगा, कांडोळाचं अंधारातही उठून दिसणारं पांढरं खोड, अस्वलाने फोडलेलं वारूळ, धुळीत उमटलेला पंजा नराचा की मादीचा, हे सगळं विचारलं तरच सांगितलं जातं. सांबर ओरडलं की गाईड गाडी थांबवायला सांगतो, कारण चितळ कधीकधी नुसत्या संशयानेही ओरडतं, पण सांबराचं ओरडणं बहुधा वाया जात नाही.

आता हंगाम. कोअर १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतं आणि मंगळवारी सफारी नसते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात जंगल हिरवंगार, गवत उंच. जनावर दोन हातांवर असलं तरी दिसत नाही, पण तळी भरलेली असतात. डिसेंबर-जानेवारीत उघड्या जिप्सीतली पहाटेची थंडी हाडापर्यंत जाते. कानटोपी आणि जाड जॅकेट विसरलेला माणूस पहिला तासभर फक्त कुडकुडतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये साग पानं गाळतो, पळस फुलतो, मोहाची फुलं टपकू लागतात आणि त्या वासाने अस्वलं येतात. ज्याला नुसता वाघ नको, जंगल हवं आहे, त्याने हाच काळ निवडावा. एप्रिल-मे हा वाघाचा हंगाम, कारण पाणी मोजक्याच ठिकाणी उरतं आणि वाघाला दुपारी पाण्यात बसायला आवडतं. चंद्रपूरचा पारा तेव्हा ४५ अंशांच्या पुढे जातो. लहान मुलं आणि वयस्कर मंडळींना घेऊन मेमधल्या दुपारच्या फेऱ्या लागोपाठ करू नयेत.

आरक्षणाच्या गर्दीत मे महिन्याची दुसरी बाजू बाहेरच्यांना सहसा कळत नाही. हाच तेंदूपानांचा हंगाम. विड्यांसाठी लागणारी ही पानं तोडायला पूर्व विदर्भातली गावंच्या गावं पहाटे रानात शिरतात. काही आठवड्यांच्या त्या मजुरीवर घरातली पावसाळ्यापूर्वीची बेगमी होते. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन महिलांचा एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मृत्यू झाला. वाकून पानं खुडणारं माणूस वाघाला चार पायांचं जनावर वाटू शकतं, असं अभ्यासक सांगतात. पर्यटक ज्या दिवसांत वाघ दिसावा म्हणून प्रार्थना करतो, त्याच दिवसांत कोसभर अंतरावरची बाई तो दिसू नये म्हणून प्रार्थना करते. ही माहिती सहलीचा आनंद कमी करत नाही. आपण कुणाच्या दारात उभे आहोत हे तिच्यामुळे कळतं.

२०२२च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ मोजले गेले. २०१४मध्ये हा आकडा १९० होता. त्या अहवालानुसार ताडोबात ९७ वाघ होते. वयात आलेल्या नराला आणि मादीला स्वतःचा इलाका लागतो आणि तो गाभ्यात मोकळा नसला की ती बफरमध्ये, ब्रह्मपुरीच्या रानात, शेतांच्या कडेने पुढे सरकतात. काही वाघिणींना मग शासनच दूर नेऊन सोडतं. २०२४च्या अखेरीस ताडोब्याहून ओडिशातल्या सिमिलिपालमध्ये नेलेली झीनत तिथून निघाली, झारखंड ओलांडून पश्चिम बंगालमध्ये पोहोचली आणि बांकुऱ्यात तिला बेशुद्ध करून पकडावं लागलं. तीन राज्यांचं वनखातं तिच्या मागावर होतं.

बफर म्हणजे दुय्यम जंगल, हा समज म्हणूनच सोडायला हवा. आगरझरी, देवाडा, जुनोना, अलिझंजा, मदनापूर अशा गेटांमधून वाघ दिसतात, शुल्क तुलनेने कमी असतं आणि उत्पन्नाचा वाटा गावांच्या परिस्थितिकीय विकास समित्यांपर्यंत जातो. पाऊणशेच्या वर गावं या पट्ट्यात आहेत. कोअरच्या फेऱ्यांना बफरची एक फेरी जोडलीच पाहिजे. कोअर बंद असताना पावसाळ्यातही बफरचे काही भाग उघडे असतात. जूनच्या पहिल्या सरींबरोबर नवरंग पक्षी तिथे शीळ घालू लागतो. पक्ष्यांच्या वेडाने येणारे लोक खास त्यासाठी येतात.

आरक्षण प्रकल्पाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करावं. एका जिप्सीत सहा पर्यटक, शिवाय गाईड आणि चालक. शनिवार-रविवारचे दर चढे, जागा लवकर संपतात. म्हणून बुधवार ते शुक्रवारचा बेत उत्तम. आरक्षणात दिलेलं ओळखपत्रच मूळ स्वरूपात गेटावर दाखवावं लागतं. छायाप्रत चालत नाही. कोअरमध्ये मोबाइल नेता येत नाही आणि हा नियम फार चांगला आहे. हिरवे, मातकट, फिके कपडे, धुळीसाठी रुमाल, पुन्हा भरता येणारी पाण्याची बाटली. रामदेगीच्या बफरमध्ये प्लास्टिकची बाटली तोंडात धरून जाणाऱ्या वाघाची चित्रफीत फेब्रुवारी २०२४मध्ये देशभर पाहिली गेली. ती बाटली कुणा माणसानेच तिथे टाकली होती.

गाडीतल्या वागण्याबद्दल उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यातली घटना विसरता येत नाही. २०२४च्या शेवटच्या दिवशी तिथे एक वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांची वाट जिप्सींनी दोन्हीकडून अडवली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, गाईड-चालकांवर कारवाई झाली. पण मागच्या सीटवरून 'अजून थोडी पुढे घ्या' म्हणणाऱ्यांचं काय? चालकाला बक्षिसाचं आमिष दाखवलं जातं आणि निलंबन त्याच्या वाट्याला येतं. 'गाडी मागे घ्या, तिला जाऊ द्या' हे पर्यटकाने म्हटलं तर चालकालाही बळ येतं.

ताडोबा हे नाव तारू या गोंड प्रमुखावरून आलं, अशी इथली श्रद्धा आहे. वाघाशी झुंजताना तो मारला गेला आणि देव झाला. तलावाकाठी त्याचं स्थान आहे, पौषात आदिवासी तिथे जमत आले आहेत. त्या तलावात मगरी आहेत. मोहर्लीहून तलावाकडे जाताना रस्त्याच्या कडेला जुने दगडी खांब लागतात. गोंड राजांच्या काळात त्यांवरून दोर बांधून निरोप पोहोचवत, असं सांगतात. गाईडला थांबायला सांगून ते नीट पाहावेत.

परतीचा एक दिवस राखून ठेवता आला तर चंद्रपूर शहराचा कोट, गोंड राजांच्या समाध्या आणि राणी हिराईने बांधलेलं महाकालीचं मंदिर पाहता येतं. नागपूरच्या वाटेवर भद्रावतीला विजासनची लेणी आहेत आणि पुढे वरोऱ्याला बाबा आमट्यांचं आनंदवन. सकाळची फेरी आटोपून दहाला मोहर्ली सोडली, तर हे सगळं एका दिवसात धावपळीचं होतं. चंद्रपूर किंवा आनंदवन, दोन्हींपैकी एकच निवडावं.