पाण्यावरचे नगर, पाहुण्यांचे ओझे
पाच मित्र, एक दिवस आणि व्हेनिस नावाचे कोडे

मेस्त्रे स्थानकातून सुटलेली लोकल पाचसहा मिनिटांतच पुलावर चढते आणि दोन्ही बाजूंना पाणीच पाणी दिसू लागते. १८४६ साली हा रेल्वेपूल झाला, तोपर्यंत व्हेनिसला पोहोचण्यासाठी नाव हाच एकमेव मार्ग होता. मोटारींसाठीचा पूल तर १९३३ सालचा. त्या पुलाच्या टोकाला मोटारींचे राज्य संपते. पुढे चालायचे, नाहीतर पाण्यातून जायचे.

मे २०२५ मधील एका शुक्रवारी आम्ही पाच महाविद्यालयीन मित्र या गाडीत बसलो होतो. दिवसाचा कार्यक्रम बँकेत काम करणाऱ्या मित्राने आखला होता आणि त्याच्या कागदावर व्हेनिससाठी चार तास होते. रिआल्टो पूल, सेंट मार्कचा चौक, गोंडोला, छायाचित्रे, परत. स्थापत्य अभियंता असलेल्या मैत्रिणीला मात्र हे शहर मुळात उभे कसे आहे, हे पाहायचे होते. वाद गाडीतच सुरू झाला. त्या वादाचे उत्तर शोधता शोधता दिवस संपला आणि आपण पाहुणे म्हणून जातो तेव्हा त्या गावाला काय देतो आणि काय घेतो, हा प्रश्न मात्र सोबत आला.

शहर उभे आहे ते कशावर?

व्हेनिस हे समुद्राकाठी वसलेले शहर नव्हे. ॲड्रियाटिक समुद्र आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये एक उथळ खाजण आहे. त्यातील शंभराहून अधिक लहान बेटे चारशेहून अधिक पुलांनी जोडून हे शहर घडले. जमीन म्हणजे मऊ चिखल. त्यावर दगडी वाडे बांधायचे तर पाया कशाचा घालणार?

व्हेनिसच्या कारागिरांनी यावर लाकडाचा उपाय शोधला. हजारो खुंट शेजारी शेजारी चिखलात ठोकायचे, त्यांवर फळ्यांचा थर, त्यावर दगड आणि दगडावर विटांची भिंत. पाण्यात लाकूड कुजत कसे नाही, असा प्रश्न कोणालाही पडेल. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला प्राणवायू लागतो. घट्ट चिखलात तो पोहोचत नाही, म्हणून शेकडो वर्षांपूर्वीचे खुंट आजही भार पेलून आहेत. १६३०च्या प्लेगनंतर नवस म्हणून बांधलेल्या सांता मारिया देल्ला सालुते या चर्चखाली दहा लाखांहून अधिक खुंट आहेत, असे परंपरेने सांगितले जाते.

आमच्या मैत्रिणीने कालव्याकाठच्या एका घराकडे बोट दाखवले. पाण्यालगत पांढऱ्या दगडाचे थर होते आणि त्यावर विटा. हा इस्त्रिया प्रांतातला दगड. तो पाणी जवळपास शोषतच नाही. खारे पाणी विटांपर्यंत चढू नये यासाठी जुन्या गवंड्यांनी घातलेला हा बांध होय. परंतु त्या घराचा शेवाळलेला पट्टा दगडाची सीमा ओलांडून विटांपर्यंत गेला होता. भिंतीचा गिलावा निघाला होता, विटांवर मिठाची पांढरी पापुद्री आली होती. विटांत शिरलेले मीठ वाळताना फुगते आणि वीट आतून फोडते. व्हेनिसच्या दुखण्याचे मूळ या पट्ट्यात दिसते. घर तेच, दगड तोच. पाणी तेवढे वर आले आहे.

पाणी वर का येते?

याची कारणे दोन. जमीन खचली आणि समुद्र चढला. विसाव्या शतकात, विशेषतः १९५० आणि १९६०च्या दशकांत, समोरच्या मार्गेरा औद्योगिक पट्ट्यासाठी भूगर्भातून प्रचंड पाणी उपसले गेले आणि शहराखालची जमीन दबली. १९७०च्या दशकात तो उपसा थांबवण्यात आला. मात्र खचलेली जमीन पूर्ववत होत नाही आणि जगभरातील समुद्रपातळी वाढतेच आहे. व्हेनिसमध्ये भरतीची उंची १८९७ साली ठरवलेल्या शून्यापासून मोजतात. आज त्या शून्याच्या मानाने पाण्याची सरासरी पातळीच सुमारे ३० सेंटीमीटर वर आहे.

शरद आणि हिवाळ्यात भरती आणि दक्षिणेकडून येणारा वारा एकत्र आले की ॲड्रियाटिकचे पाणी खाजणात लोटले जाते. यालाच तेथे ‘आक्वा आल्ता’, म्हणजे उंच पाणी, असे म्हणतात. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी ते १९४ सेंटीमीटरपर्यंत चढले. १२ नोव्हेंबर २०१९ रोजी १८७ सेंटीमीटरपर्यंत. सेंट मार्कचा चौक हा शहरातील सर्वांत सखल भागांपैकी एक असल्याने तेथे याच्या निम्म्याहून कमी उंचीलाच पाणी शिरू लागते.

यावरील उत्तर म्हणजे ‘मोझे’ हा प्रकल्प. खाजण आणि समुद्र यांना जोडणाऱ्या लिदो, मालामोक्को आणि किओज्जा या तीन मुखांच्या तळाशी ७८ पोकळ पोलादी दरवाजे बसवले आहेत. एरवी ते पाण्याने भरून तळाशी पडून असतात. मोठ्या भरतीचा इशारा मिळाला की त्यांत दाबाने हवा सोडतात, आतले पाणी बाहेर पडते आणि दरवाजे तरंगून उभे राहतात. काम २००३ मध्ये सुरू झाले. खर्च पाच अब्ज युरोंच्या पुढे गेला आणि २०१४ मध्ये भ्रष्टाचाराच्या प्रकरणात तत्कालीन महापौरांनाही अटक झाली. अखेर ३ ऑक्टोबर २०२० रोजी दरवाजे प्रथमच खऱ्या भरतीसमोर उभे राहिले आणि चौक कोरडा राहिला. त्याच वर्षी ८ डिसेंबरला मात्र अंदाज चुकला, दरवाजे उचलले गेले नाहीत आणि शहर पुन्हा पाण्यात गेले. यंत्र कितीही मोठे असले तरी ते हवामानाच्या अंदाजावर चालते, हा त्याचा धडा.

पुढचा पेच याहून अवघड आहे. समुद्र जसजसा चढेल तसतसे दरवाजे वारंवार मिटावे लागतील. भरती-ओहोटीने खाजणाचे पाणी रोज बदलते. तो श्वासच वारंवार रोखला तर खाजणातील जीवसृष्टीचे आणि बंदराचे काय, याचे सोपे उत्तर कोणाकडेही नाही.

पुतळीचे माहेर

दुपारी चौकातील कोरेर संग्रहालयात व्हेनिसच्या जुन्या नाण्यांसमोर आमच्यातील पुण्याची मैत्रीण एकाएकी थबकली. ‘अरे, ही तर आजीच्या माळेतली पुतळी!’ ती म्हणाली. तिचे म्हणणे वावगे नव्हते. व्हेनिसने १२८४ पासून पाडलेले ‘डुकाट’ हे सोन्याचे नाणे व्यापाराबरोबर हिंदुस्थानात आले. नाण्यावर संत मार्कपुढे गुडघे टेकलेला ‘डोजे’, म्हणजे या प्रजासत्ताकाचा प्रमुख, कोरलेला असतो. आपल्याकडे या आकृतींवरून त्या नाण्याला ‘पुतळी’ म्हणू लागले आणि पुतळ्यांची माळ मराठी स्त्रियांच्या गळ्यात आली.

नाते एवढ्यावर संपत नाही. व्हेनिसच्या मार्को पोलोने आपल्या वृत्तान्तात ठाण्याचा उल्लेख केला आहे. व्हेनिसमध्येच जन्मलेला निकोलाओ मनुची १६६५ मध्ये मिर्झाराजे जयसिंगांच्या छावणीत होता आणि तेथे शिवाजी महाराजांशी झालेल्या भेटीबद्दल त्याने लिहून ठेवले आहे. व्हेनिसची श्रीमंती पूर्वेकडील मिरी-मसाल्यांच्या व्यापारावर पोसली होती. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला पोहोचला, पुढे गोव्यात पोर्तुगीजांचे ठाणे झाले आणि मसाल्याला समुद्रमार्गे दुसरी वाट मिळाली. व्हेनिसचा ऱ्हास काही एका दिवसात झाला नाही, पण त्याच्या कारणांतील एक धागा आपल्या किनाऱ्यापर्यंत येतो. १२ मे १७९७ रोजी नेपोलियनच्या फौजांसमोर शेवटच्या डोजेने पद सोडले आणि सुमारे अकरा शतकांचे प्रजासत्ताक संपले.

माणसे कुठे गेली?

संग्रहालयातून बाहेर पडल्यावर आम्ही वाट चुकलो. व्हेनिसमध्ये हे अपरिहार्यच म्हणायचे. येथे घरांचे क्रमांक गल्लीनुसार नव्हे, तर सहा विभागांनुसार दिलेले आहेत. त्यामुळे पत्त्यात चार आकडी क्रमांक सर्रास आढळतो आणि शेजारच्या गल्लीत भलताच आकडा लागतो. गर्दी मागे पडली आणि एका लहान चौकात आलो. मध्ये दगडी कठड्याची बुजवलेली विहीर होती. चारही बाजूंना पाणी असलेल्या या शहरात पिण्याचे पाणी मात्र नव्हते. चौकाखाली चिकणमातीचे अस्तर लावून वाळू भरायची, पावसाचे पाणी त्यातून गाळून विहिरीत साठवायचे, अशी व्यवस्था १८८४ मध्ये नळाचे पाणी येईपर्यंत चालली.

त्या चौकात एक वृद्ध बाई चाकांची पिशवी घेऊन पूल चढत होत्या. प्रत्येक पायरीवर पिशवी उचलायची, ठेवायची, थांबायचे. आमच्यातील एकाने पिशवी पलीकडे नेऊन दिली. बाई हसल्या, आभार मानून एका दारात गेल्या. त्या गल्लीत पडदे लावलेली, कुंड्या ठेवलेली घरे मोजकीच होती. बाकीच्या दारांवर किल्ली ठेवण्याच्या आकडी कुलपांच्या डब्या होत्या, म्हणजेच पर्यटकांना भाड्याने दिलेली घरे.

आकडे हेच सांगतात. १९५१ मध्ये जुन्या शहरात सुमारे पावणेदोन लाख लोक राहत होते. २०२२ मध्ये ही संख्या ५० हजारांच्या खाली गेली. रिआल्टोजवळील एका औषधाच्या दुकानाच्या काचेत २००८ पासून हा घटता आकडा झळकतो आहे. २०२३ मध्ये पर्यटकांसाठीच्या खाटा रहिवाशांहून अधिक झाल्याचे तेथील नागरिक गटांनी मोजून दाखवले. मालकाला भाडेकरूपेक्षा पाहुणा अधिक पैसे देतो. घरे महाग होतात, तरुण मेस्त्रेला जातात आणि वाण्याच्या दुकानाच्या जागी मुखवट्यांचे दुकान येते. पूर वर्षातून काही दिवस येतो, ही गळती मात्र रोजची आहे.

पाच युरोंचा उंबरठा

शहराने काही उपाय योजले आहेत. १ ऑगस्ट २०२१ पासून २५ हजार टनांहून मोठ्या जहाजांना सेंट मार्कसमोरून जाण्यास बंदी आहे. २०२४ मध्ये पर्यटक गटांवर २५ जणांची मर्यादा आली आणि मार्गदर्शकांच्या ध्वनिवर्धकांवर बंदी. त्याच वर्षी २५ एप्रिलपासून, गर्दीच्या २९ दिवशी, मुक्कामाविना येणाऱ्यांना पाच युरो प्रवेशशुल्क लागू झाले. २०२५ मध्ये असे ५४ दिवस होते आणि शेवटच्या तीन दिवसांत नोंदणी करणाऱ्यांना दहा युरो मोजावे लागले. शुल्काची वेळ सकाळी साडेआठ ते दुपारी चार.

आम्ही आलो तो शुक्रवार अशा दिवसांपैकीच एक होता. मेस्त्रे हे व्हेनिस महापालिकेच्या हद्दीतच असल्याने तेथे मुक्कामाला असलेल्यांना शुल्क माफ असते. परंतु माफीची नोंदणी आधी करावी लागते. पहिल्या वर्षी या शुल्कातून सुमारे २४ लाख युरो जमा झाले. गर्दी मात्र फारशी घटली नाही, अशी टीका झाली. पाच युरोंसाठी कोणी व्हेनिस टाळत नाही, हे खरेच. निदान कोण, कधी, किती येतो याची मोजदाद होऊ लागली, असे समर्थकांचे म्हणणे.

मित्रांसह जायचे असेल तर

आमच्या चुकांतून शिकलेले थोडे सांगितलेच पाहिजे. जेवणाची वेळ झाली म्हणून आम्ही पुलाच्या पायऱ्यांवर बसून सँडविच काढले आणि गणवेशातील कर्मचाऱ्याने लगेच उठवले. पूल, पायऱ्या आणि सेंट मार्कचा चौक येथे बसून खाण्यास मनाई आहे आणि दंडही होतो. कबुतरांना दाणे टाकण्यास २००८ पासून बंदी आहे.

गोंडोलाचा अधिकृत दर दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो. तो माणशी नव्हे, तर नावेमागे असतो आणि नावेत पाच जण बसू शकतात. पाच मित्रांचा हिशेब म्हणूनच छान जमतो. ही नाव एका वल्ह्याने, एकाच बाजूने हाकतात. ती सरळ जावी म्हणून तिची डावी बाजू उजवीहून रुंद ठेवलेली असते. एवढा खर्च नको असेल तर मोठा कालवा ओलांडणारी ‘त्राघेत्तो’ ही साधी वल्ह्यांची नाव दोन युरोंत पलीकडे नेते. पिण्याचे पाणी विकत घेऊ नये, चौकाचौकांत नळ आहेत.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शक्य असेल तर जुन्या शहरात एक रात्र राहावे, तेही नोंदणीकृत हॉटेलात. दिवसभराची गर्दी चार-पाच तासांत तीच छायाचित्रे काढून निघून जाते. तिने टाकलेला कचरा शहराला नावांतून वाहून न्यावा लागतो आणि तिच्या खिशातून गावाला फारसे काही मिळत नाही.

संध्याकाळी आमच्या बँकवाल्या मित्राने आपला कागद घडी करून खिशात टाकला. चार तासांच्या जागी अकरा तास झाले होते आणि यादीतील निम्मी ठिकाणे राहिली होती. परतीच्या गाडीत कामावरून घरी निघालेले लोक दाटीवाटीने उभे होते. कोणी हॉटेलचा काळा सदरा घातलेला, कोणी स्वयंपाकघरातून आलेला. सकाळी व्हेनिसला येऊन रात्री पूल ओलांडणारे ते आमच्यासारखेच होते. आम्ही पाहुणे होतो, त्यांच्यापैकी कित्येकांचे घर कधीकाळी पुलाच्या त्या बाजूला असेल, एवढाच काय तो फरक.