ओए यांच्या खोऱ्यातलं गाव

छत्रपती संभाजीनगरच्या गारखेडा परिसरातल्या पुष्कळ कुटुंबांचं मूळ गाव बीड, जालना, परभणीकडच्या एखाद्या तालुक्यात असतं. मुलांच्या शिक्षणासाठी माणसं शहरात आली. सातबारा, भाऊबंदकी आणि यात्रा गावातच राहिली. अशा वाचकांचा गट ग्रंथालयात बसून जपानी कादंबरीकार वाचणार असेल, तर मी आग्रहाने केन्झाबुरो ओए यांचं नाव सुचवेन, आणि तेही त्यांच्या अगदी सुरुवातीच्या लेखनापासून. मुराकामींच्या कादंबऱ्यांतलं शहर तरुणांना लवकर आपलंसं वाटतं, हे खरं. पण ओए यांचं गाव मराठवाड्याच्या माणसाला जागेवरून हलवतं, कारण त्या गावात तो राहून आलेला असतो.

ओए यांचा जन्म 1935 चा, शिकोकू बेटावरच्या डोंगराळ खेड्यातला. सम्राट म्हणजे देव, असं शाळेत शिकवलं जाई. ऑगस्ट 1945 मध्ये त्याच सम्राटाने रेडिओवरून शरणागती जाहीर केली, तेव्हा ओए दहा वर्षांचे होते. पुढे तोक्यो विद्यापीठात त्यांनी फ्रेंच साहित्याचा अभ्यास केला, सार्त्र वाचला, आणि 1957 मध्ये विद्यापीठाच्या वृत्तपत्रातल्या एका कथेने त्यांच्याकडे लक्ष वेधलं. प्रयोगांसाठी ठेवलेले दीडशे कुत्रे मारायच्या कामावर लागलेल्या विद्यार्थ्याची ती गोष्ट. पुढच्याच वर्षी, वयाच्या तेविसाव्या वर्षी, ‘शिइकु’ या दीर्घकथेला अकुतागावा पारितोषिक मिळालं.

गटाने वाचायला सुरुवात ‘शिइकु’पासून करावी. पूल वाहून गेल्यामुळे तालुक्याच्या गावापासून तुटलेलं खेडं. शहरातली माणसं या खेडुतांना आधीच हलकं लेखतात. डोंगरात शत्रूचं विमान कोसळतं आणि वाचलेला कृष्णवर्णीय अमेरिकन सैनिक गावाच्या हाती लागतो. त्याचं काय करायचं, याचा हुकूम वरून येईना. तोवर त्याला तळघरात साखळीने बांधून ठेवतात, आणि निवेदक मुलगा त्याला जेवण पोचवू लागतो. हळूहळू साखळी सुटते. त्या उन्हाळ्यात मुलं त्याला झऱ्यावर अंघोळीला नेतात. हे अंघोळीचं वर्णन मला ओए यांच्या सगळ्या लेखनात सर्वांत सुंदर वाटतं, आणि तिथेच मनात भीती शिरते. मुलांच्या मायेत माणूस पाळल्याचा आनंद मिसळलेला आहे, हे लेखक आपल्यापासून लपवत नाही. शेवटी हुकूम येतो, घाबरलेला सैनिक मुलालाच ओलीस धरतो, आणि मुलाचे वडील कुऱ्हाड उगारतात. त्या घावात सैनिकाच्या डोक्याबरोबर मुलाचा हातही चिरडला जातो. गाव ते आपल्या रीतीने निस्तरतं. मुलाचं बालपण मात्र तिथेच संपतं.

त्याच 1958 सालच्या ‘मेमुशिरी कोउची’ या पहिल्या कादंबरीत गाव अधिक उघडं पडतं. सुधारगृहातली मुलं युद्धकाळात डोंगरातल्या गावी आणली जातात. रोगाची साथ दिसताच गावकरी रातोरात निघून जातात आणि मुलांना आत कोंडून वाट अडवून टाकतात. मागे उरतात ही मुलं, आई दगावलेली एक मुलगी, फौजेतून पळालेला एक सैनिक आणि वेगळ्या वस्तीतला एक कोरियन मुलगा. ती कोरियन वस्ती मराठवाड्याच्या वाचकाने सहज ओलांडून जाऊ नये. जुलै 1978 मध्ये विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला, त्यानंतर इथल्या खेड्यांत दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जाळली गेली. नामविस्तार 14 जानेवारी 1994 ला झाला. ओए यांना नोबेल मिळालं तेही 1994 मध्येच. हा निव्वळ योगायोग आहे. पण गावकुसाबाहेर कोण आणि का, हा प्रश्न गटात निघालाच पाहिजे. कादंबरीत परतलेले गावकरी मुलांना भात देतात आणि सौदा मांडतात: इथे काही घडलंच नाही, असं सांगायचं. भुकेली मुलं एकेक करून कबूल होतात. एकटा निवेदक नकार देतो आणि रानात पळतो.

याच्या जोडीला रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ (1971) घ्यावी. तिथे गावच्या चढाओढीत भरडलेल्या शिंप्याची बायको आपली कहाणी सांगते. दोन्हीकडे ज्याचं गावात काही चालत नाही, त्याच्याच तोंडून गाव कळतं.

ओए इंग्रजी अनुवादातून वाचावे लागले तर एकाने प्रकरण वाचून मराठीत सांगावं, बाकीच्यांनी अडवावं. 1918 मध्ये स्थापन झालेलं उस्मानिया विद्यापीठ उर्दूतून शिकवत होतं, त्या निजामी काळात मराठी वाचन जपण्यात मराठवाड्याच्या वाचनालयांचा वाटा मोठा होता. एकत्र बसून वाचणं इथे नवं नाही.

नंतर 1964 ची ‘कोजिन्तेकी ना ताइकेन’. आदल्या वर्षी ओए यांचा मुलगा हिकारी डोक्याच्या गंभीर व्यंगासह जन्मला होता. कादंबरीतला बाप, बर्ड, तशाच बाळाच्या मरणाची वाट पाहतो. डॉक्टर दुधाऐवजी साखरेचं पाणी द्यायला तयार होतो. इथेही गप्प राहून मरू देण्याचाच सौदा आहे. शेवटी बर्ड बाळाला शस्त्रक्रियेसाठी परत घेऊन जातो. कादंबरीकार मिशिमांनी या आशादायी शेवटावर टीका केली होती, आणि गटातही यावर दोन तट पडतील. मी ओए यांच्या बाजूने आहे. पहिल्या कादंबरीतल्या मुलाला सौदा नाकारून पळावं लागलं होतं. बर्ड तो नाकारून परत येतो.