जुन्या टाकीत नवे मासे

शाळांचे निकाल लागले की अमरावती-अकोल्याकडे बदल्यांचे वारे सुरू होतात. कुणी बँकेतलं, कुणी तहसिलीतलं, कुणी कॉलेजातलं बिऱ्हाड आवरायला घेतं आणि ट्रकमधून न्यायचं नाही ते सगळं ओट्यावर येतं. कुंड्या, कूलर, मुलाची लहान झालेली सायकल आणि हल्ली हटकून काचेची एखादी माशांची टाकी. पूर्वी ही बातमी शेजारणीकडून कळायची, आता कॉलनीच्या व्हॉट्सॲपवर फोटोच येतो. मग मुलं मागे लागतात, "आई, घे ना!" मासे मुलांचे, कौतुक बाबांचं आणि पाणी बदलणारी तुम्ही. म्हणूनच, मैत्रिणींनो, टाकी घरात येण्याआधी चार गोष्टी ठाऊक असलेल्या बऱ्या.

जुनी टाकी घ्यावी का? अवश्य घ्यावी. काच काही शिळी होत नाही. नव्याच्या निम्म्या किमतीच्या वर मात्र जाऊ नका आणि विकणारणीला एक प्रश्न भीडभाड न ठेवता विचारा: यातले मासे कशाने गेले? सांध्यांतल्या सिलिकॉनवर निळसर डाग दिसले तर माशांना कधीतरी निळं औषध दिलं होतं, असं समजावं. डाग निरुपद्रवी असतात. पण इथे आजार येऊन गेला असावा, एवढं त्यावरून कळतं.

टाकीचे चारही कोपरे बोटाने नव्हे, नजरेने तपासा. टवका उडालेली किंवा तडा गेलेली काच फुकट मिळाली तरी नको. लोखंडी चौकट आणि लांबी लावलेली फार जुनी टाकी असेल, तर ती लांबी वाळून पाणी झिरपू लागलेलं असतं. तिच्यात तुळशीची रोपं लावा, मासे नकोत. अलीकडच्या टाक्या नुसत्या सिलिकॉनने चिकटवलेल्या असतात. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत साधारण ५५ लिटर पाणी मावतं, म्हणजे पाण्याचंच वजन ५५ किलो! वर काच आणि खडे वेगळे. तेव्हा टीव्हीच्या नाजूक टेबलावर ती ठेवायची नाही, पक्क्या ओट्यावर, खाली थर्मोकोलचा तुकडा घालून ठेवायची. आधी अंगणात सावलीला, वर्तमानपत्रावर ठेवून अर्धी भरा, मग पूर्ण भरा आणि दोन दिवस तशीच राहू द्या. कागद ओला झाला तर सांधा गळतोय. त्या सांध्याचं जुनं सिलिकॉन ब्लेडने पूर्ण खरवडून काढावं लागतं, कारण नवं सिलिकॉन जुन्यावर नीट धरत नाही. दुकानात 'माशांच्या टाकीसाठी' असंच सांगून मागा. न्हाणीघरातलं बुरशी न धरणारं सिलिकॉन माशांना घातक असतं. भरलेली टाकी उचलायची नाही, हे सांगायला नकोच.

आता त्या पांढऱ्या थराकडे वळू. जुन्या टाकीच्या काचेवर पाण्याची रेघ असते तिथे पांढरट, खरखरीत पापुद्रा धरलेला असतो. तो पाहून पुष्कळ जणी "शी, किती घाणेरडी!" म्हणून टाकी नाकारतात. अहो, ही घाण नव्हे, हे आपलंच पाणी! कूलरच्या गवतावर मे महिन्यात जो थर बसतो, चहाच्या भांड्याला जो आतून बसतो, तोच हा क्षार. आपल्याकडे पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलडाणा या तिन्ही जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरलेला आहे, तिथल्या विहिरींचं पाणी तोंडात धरवत नाही. शहरात धरणाचं पाणी येतं. अमरावतीला ऊर्ध्व वर्धेचं, अकोल्याला महानच्या काटेपूर्णेचं. ते त्या मानाने गोडं असतं. टाकीत हेच नळाचं पाणी घाला. बोअरच्या खाऱ्या पाण्यात गप्पी मासे एकवेळ तग धरतील, बाकीच्यांचा भरवसा नाही.

हा थर काढायला पांढरं व्हिनेगर किंवा किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्त्व पाण्यात विरघळवून घ्या. जुन्या बनियनचा तुकडा त्यात भिजवून पांढऱ्या रेघेवर तासभर चिकटवून ठेवा. मग प्लॅस्टिकच्या घासणीने हळूच घासा. थर जाड असेल तर दोनदा करा. तारेची घासणी किंवा रांगोळी वापरलीत तर काचेवर कायमचे ओरखडे पडतात आणि त्या ओरखड्यांत शेवाळ जाऊन बसतं.

आणि साबण? नाही म्हणजे नाही. धुण्याची पावडर, भांड्यांची वडी, फिनेल, यांतलं काहीही टाकीला लावायचं नाही. आपल्याला वाटतं, चार पाण्यांनी धुतलं की गेलं. पण सांध्यांत, स्पंजात, दगडांच्या भेगांत ते चिकटून राहतं आणि माशाच्या कल्ल्यांना अगदी थोडंसंही पुरतं. मी अर्धवेळ शाळेत शिकवते. सातवीतल्या एका मुलीने विचारलं होतं, "मॅडम, आईने टाकी इतकी चकचकीत केली, तरी मासे दोन दिवसांत कसे मेले?" त्या चकचकीतपणातच उत्तर होतं. मुलीचे डोळे भरून आले होते, म्हणून आईने काय वापरलं ते मी तिथे विचारलं नाही.

रोगाचं बी मारायचं तर ब्लीचिंग पावडर पुरते. १० लिटर पाण्यात एक मोठा चमचा कालवायची, गाळ बसू द्यायचा आणि वरच्या निवळीने टाकी अर्धा तास भिजवायची. हे काम अंगणातच करायचं, बंद न्हाणीघरात नव्हे. पण इथे एक गोष्ट लाल शाईने अधोरेखित करा. व्हिनेगर, लिंबूसत्त्व किंवा संडास साफ करायचं ॲसिड यांच्याशी ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र येता कामा नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो आणि तो आपल्याच छातीत जातो. म्हणून क्षार काढण्याचं काम एका दिवशी करा, भरपूर पाण्याने धुवा आणि ब्लीचिंगचं काम दुसऱ्या दिवशी. नंतर तीन-चार पाण्यांनी धुऊन टाकी कोवळ्या उन्हात वाळवा. क्लोरीन उन्हाने उडून जातो. दुपारच्या उन्हात तापलेल्या काचेवर मात्र गार पाणी ओतू नका, तडकते.

खडे पातेल्यात घालून उकळा. (पातेलं वेगळं ठेवा, नाहीतर सासूबाई काय म्हणतील!) शंख-शिंपले आणि पांढरे दगड असतील तर त्यांच्यावर व्हिनेगरचे दोन थेंब टाकून पाहा, फेस आला तर ते चुन्याचे आहेत, काढून टाका. आपलं पाणी मुळातच जड, त्यात आणखी भर कशाला? हवेचा पंप घरघरतो पण बुडबुडे येत नाहीत, असं झालं तर बहुधा आतला रबरी पडदा फाटलेला असतो आणि तो बदलून मिळतो. पंप टाकीतल्या पाण्यापेक्षा उंच ठेवा, म्हणजे वीज गेल्यावर नळीतून पाणी उलटं येऊन पंपात शिरणार नाही. कडक झालेल्या नळ्या आणि गाळणीचा जुना स्पंज नवेच घ्या. हीटर मिळाला आणि त्याच्या काचेच्या आत पाण्याची वाफ दिसली, तर तो भंगारात द्या. ५५ लिटर पाणी आणि विजेचा प्रवाह, इथे काटकसर नको. पाण्यात हात घालण्याआधी प्रत्येक प्लग काढायचा, हा नियम मुलांनाही पाठ करून द्या.

टाकी मांडली की पाणी उघड्या बादल्यांत एक दिवस ठेवून मग घाला. लगेच दहा मासे आणू नका. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो. तो पचवणारे सूक्ष्म जंतू गाळणीत आणि खड्यांवर राहतात आणि आपण तर ब्लीचिंगने सगळे मारलेत. ते पुन्हा जमायला चार ते सहा आठवडे जातात. मैत्रिणीकडे निरोगी माशांची टाकी असेल तर तिच्या गाळणीचा स्पंज आपल्या टाकीत पिळून घ्या, दह्याला विरजण लावावं तसं. सुरुवातीला दोन-तीन गप्पीच सोडा, खाणं चिमूटभर द्या. दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदला आणि गाळणी धुवायची ती त्या काढलेल्या पाण्यातच, नळाखाली नाही. आमच्या शेजारच्या आजींनी टाकी पाहून विचारलं होतं, "पोरी, मासोया मेल्या तं पाप कोनाले लागन?" उत्तर हेच, की पहिला महिना जिने उतावीळपणा केला तिला.

आपला उन्हाळा वेगळाच. पारा ४५ च्या वर गेला की घरातलं पाणीही तापतं आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंशाला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशाला साडेसातच. मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले, तर पंप वाढवा आणि बंद बाटलीतला बर्फ टाकीत तरंगत ठेवा. वीज गेली असेल तर तांब्याने पाणी उचलून उंचावरून पुन्हा टाकीत सोडत राहा. हिवाळ्याच्या रात्री मात्र गोल्डफिशला हीटर लागत नाही.

मन विटलं किंवा तुमचीच बदली झाली, तर मासे वडाळी तलावात किंवा छत्री तलावात नेऊन सोडू नका. टाकी चाटणारा तो काळा 'सकर' असाच भारतातल्या अनेक नद्या-तलावांत पसरला आहे आणि तिथल्या माशांच्या मुळावर आला आहे. टाकीसकट दुसऱ्या घरी द्यावे. आणि दर आठवड्याला निघणारं ते पाणी मोरीत ओतू नका. औषध किंवा मीठ घातलेलं नसेल तर गुलाबाला घाला. दोन महिन्यांत फरक दिसतो.